सांध्यावरची पावलं

सोलापुरात ट्राम सुरू झाली २०३७ च्या मार्चमध्ये, आणि मे महिन्यात ती बंद पडायच्या बेतात आली. कारण साधं होतं. मधलं रबर फाटलं.

गाडी दोन डब्यांची होती. नवी पेठ, कोंतम चौक, विजापूर वेस या भागातली वळणं इतकी आखूड की एक सलग लांब डबा तिथं वळलाच नसता. म्हणून दोन आखूड डबे मधोमध सांध्यानं जोडले होते. सांध्यावर एक गोल, फिरती पोलादी थाळी होती. प्रवासी तिच्यावरून एका डब्यातून दुसऱ्यात जात. थाळीभोवती पेटीच्या भात्यासारखं घड्याघड्यांचं रबरी आवरण. गाडी वळली की आतल्या बाजूच्या घड्या मिटत, बाहेरच्या उघडत. त्यालाही सगळे भाताच म्हणत. हा भाता बाहेरच्या देशातून आलेला, थंड हवेसाठी केलेला. चव्वेचाळीस अंशांत त्याच्या घड्यांना भेगा पडल्या आणि प्रत्येक वळणावर रस्त्यावरची धूळ प्रवाशांच्या अंगावर येऊ लागली.

मजरेवाडीच्या डेपोत तारका गज्जम नावाची चोवीस वर्षांची मुलगी वस्त्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन नुकतीच कामाला लागली होती. तिच्याकडे सीटांच्या कापडाचं काम होतं. साखर पेठेत तिच्या वडिलांचे, नरसय्यांचे, चार यंत्रमाग होते. त्यांवर चादरी आणि टॉवेल निघत. एका बैठकीत तारका म्हणाली, भाता रबराचाच असला पाहिजे असं काही नाही, तो विणता येईल. वर्कशॉपच्या प्रमुखांनी विचारलं, "मग काय, गाडीला चादर लावायची?" सगळे हसले. तीही हसली, आणि संध्याकाळी फाटलेल्या भात्याचा एक तुकडा पिशवीत घालून घरी घेऊन गेली.

नरसय्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "जोड कुठं आहे बघ," ते म्हणाले. "फाटलंयसुद्धा तिथंच. घडी नंतर पाडायची नाही. विणतानाच पाडायची."

बापलेकींनी तीन महिने खर्ची घातले. दुहेरी कापड, बाहेरून जाड सूत, आतून काचतंतूचा धागा, वर सिलिकॉनचा पातळ थर. घडी कापडाच्या विणीतच होती. सप्टेंबरात पहिला भाता तयार झाला आणि तो बसवायला तारका स्वतः गाडीखाली शिरली. त्या गाडीचा ड्रायव्हर तिथं उभा होता. त्यानं न विचारताच बॅटरी धरली.

"वळणावर माझ्या गाडीतली माणसं खोकतात," तो म्हणाला. "ते थांबलं पाहिजे. बाकी तुमचं काय चालायचं ते चालू द्या."

त्याचं नाव श्रीशैल बिराजदार. मंद्रूपचा. चार वर्षं शहर बस चालवून ट्रामवर आलेला. भाता बसला, खोकला थांबला, आणि श्रीशैल त्यानंतरही दर चार-आठ दिवसांनी भात्याविषयी काहीतरी तक्रार घेऊन वर्कशॉपमध्ये येत राहिला. तिसऱ्या तक्रारीच्या वेळी तारकाच्या लक्षात आलं की भात्यात काही बिघाड नाही. २०४० मध्ये त्यांनी लग्न केलं. दोन्ही घरं वर्षभर गप्प होती. मग नरसय्या एका दुपारी ट्राममध्ये बसून जावयाच्या मागे शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि उतरताना म्हणाले, "ब्रेक हळू मारतोस. चांगलं आहे."

दुसरी पिढी २०४५ ला आली. तीन डबे, रस्त्यापासून फूटभरच उंच असलेली आतली जमीन, आणि मधला डबा बिनचाकांचा, बिनदारांचा, दोन्ही बाजूंच्या डब्यांना झोळीसारखा टांगलेला. सांध्यांत तेलाचे दाबपंप होते, हिसका शोषून घ्यायला. श्रीशैल तोवर शिकाऊ ड्रायव्हरांना शिकवू लागला होता. तो त्यांना सांगायचा, "डोकं वळलं म्हणून गाडी वळली असं समजू नका. शेपूट अजून मागं आहे."

या गाडीत एक अनपेक्षित अडचण निघाली. गर्दीच्या वेळीही मधला डबा अर्धा रिकामा राहायचा. माणसं दारापाशी दाटीवाटीनं उभी राहत, पण सांध्यावर पाय ठेवायला तयार नसत. थाळी पायाखाली फिरते, ती अंगाला जाणवते. एका बाईची चप्पल एकदा थाळीच्या कडेला अडकली होती. ती गोष्ट सगळ्या शहरात पसरली आणि दर आठवड्याला तिच्यात भर पडत गेली. ट्राम चालवणाऱ्या मंडळानं पाहणी केली. गाडीच्या एकूण जागेपैकी पाचवा हिस्सा केवळ सांध्याच्या भीतीनं वाया जात होता. तेव्हापासून मजरेवाडीतल्या माणसांचं ध्येय ठरलं. गाडी कितीही तुकड्यांची असो, आत उभ्या असलेल्या माणसाला सांधा कुठं आहे ते कळता कामा नये.

पुढची वीस वर्षं तारकानं त्याच एका गोष्टीवर घालवली.

तिसऱ्या पिढीत, २०५३ ला, पाच डबे झाले. सांध्यावर किती वजन आहे ते कळलं तर दाबपंप त्याप्रमाणे सैल किंवा घट्ट करता येतात, आणि थाळीचा हिसका निम्मा होतो. वजन मोजायला तारकानं कापडच वापरलं. चांदीचा मुलामा दिलेला धागा विणीत घातला की दाबानं दोन धाग्यांमधलं अंतर कमी होतं आणि त्यांच्यातली वीज साठवण्याची क्षमता बदलते. तो बदल मोजला की कापडाला कुठं, किती भार पडला ते समजतं. असं कापड तिनं गाडीच्या संपूर्ण जमिनीत, वरच्या आवरणाखाली अंथरलं. वर्कशॉपमध्ये त्याला पायकापड म्हणू लागले.

गाडी रस्त्यावर आणण्याआधी मंडळानं नागरिकांची सभा घेतली. बहुतेक प्रश्न थांब्यांविषयी होते. मग विजापूर वेशीतल्या एका शाळेतल्या शिक्षिका उभ्या राहिल्या. रेहाना बागवान. पन्नाशीच्या, आवाज वर्गात कमावलेला.

"तुमच्या गाडीची जमीन मला ओळखणार का?" त्यांनी विचारलं.

तारका हसून म्हणाली, "नाही बाई. तिला फक्त वजन कळतं."

"आज फक्त वजन कळतं. उद्या?"

"उद्याही नाही."

"हा तुमचा शब्द आहे की मंडळाचा?"

तारकानं शेजारी बसलेल्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. ते कागद चाळत होते. "माझा," ती म्हणाली.

"मग तो नियमात लिहा," रेहानाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. तो खरोखरच लिहिला गेला. गाडीच्या जमिनीतून मिळणाऱ्या मोजमापावरून कोणत्याही प्रवाशाची ओळख पटवली जाणार नाही. खाली सही तारका गज्जम, मुख्य अभियंता, सांधा विभाग.

त्या वेळी ते खरंही होतं.

चौथी पिढी २०६१ ची. हिच्यात सांधा स्वतः हलू लागला. तोपर्यंतचे सगळे सांधे येईल तो भार सोसत आणि वळेल तिकडे वळत. आता प्रत्येक सांध्यात आठ छोट्या मोटरी होत्या आणि त्या वळणाच्या आधीच थाळी उचलून, झुकवून तयार ठेवत. त्यासाठी यंत्राला दीड सेकंद आधी कळायला हवं होतं की वळणावर कुठं किती भार असेल. उभी माणसं सोपी. चालणारी अवघड. दारातून चढलेला माणूस चार पावलांवर थांबेल की सांधा ओलांडून पलीकडे जाईल, हा अंदाज बांधायला यंत्र माणसांचं चालणं शिकलं. पावलाचं अंतर, टाचेचा दाब, उजव्या आणि डाव्या पायामधला वेळ. हजारो माणसांची लाखो पावलं. आणि शिकता शिकता त्याला एक सोपी वाट सापडली. रोजचा प्रवासी रोज जवळजवळ सारखाच चालतो. पहिल्या तीन पावलांवरून तो कोण ते ओळखलं, की पुढचं सगळं आपोआप कळतं. ही वाट त्याला कोणी दाखवली नव्हती. त्यानं माणसांना नावं दिली नाहीत, त्याला नावं माहीतच नव्हती. त्यानं आकडे दिले.

गाडी फार सुरेख चालायची. कोंतम चौकाच्या वळणावर लोक सांध्यावर उभे राहून चहा पीत.

२०६३ च्या नोव्हेंबरात एका दुपारी मृण्मयी लोखंडे तारकाच्या खोलीत आली. गाड्यांतून येणारी मोजमापं पाहण्याचं काम तिच्याकडे होतं. तिनं दार लावून घेतलं.

"मॅडम, एक दाखवायचं होतं. आपल्या यंत्राचे अंदाज काही थोड्या आकड्यांच्या बाबतीत सारखे चुकतायत. म्हणून मी ते वेगळे काढले." तिनं पडदा तारकाकडे वळवला. "नऊ जण आहेत. नऊही जणांचं पाऊल हळूहळू आखूड होत चाललंय. एक पाय उचलायला उशीर. दोन पावलांमधला वेळ अनियमित. मी वाचून काढलं. कंपवाताची सुरुवात अशीच होते. हात थरथरायच्या चार-पाच वर्षं आधीपासून."

तारकानं पडद्यावरच्या नऊ ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या. "म्हणजे आपलं यंत्र माणसं ओळखतंय."

"हो. कधीपासून ते सांगता येत नाही. बहुतेक पहिल्या महिन्यापासून."

"नावं?"

"आठ जणांविषयी मला काहीच माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही. पण हा एक," मृण्मयीनं बोट ठेवलं, "हा सकाळी पाच चाळीसला चालतो. डेपोत. दारं उघडायच्या आधी, रिकाम्या गाडीत, मागच्या टोकापासून पुढच्या केबिनपर्यंत. चौदा महिन्यांपूर्वी त्याचं पाऊल एकाहत्तर सेंटिमीटर होतं. आता त्रेसष्ट आहे."

सकाळी रिकाम्या गाडीत मागून पुढं ड्रायव्हर चालतो, तपासणीसाठी. आणि गाडीचा आकडा सातचा होता, श्रीशैलच्या गाडीचा.

"हे कोणाला दाखवलंस?"

"कोणालाच नाही."

"राहू दे," तारका म्हणाली. "पुसू नकोस. पण कोणाला दाखवूही नकोस."

तारका-श्रीशैलची मुलगी हैदराबादला शिकायला गेल्यापासून घरी दोघंच असत. श्रीशैलला चौपन्नावं लागलं होतं. जानेवारीतच त्याची वार्षिक वैद्यकीय तपासणी झाली होती. डोळे, कान, रक्तदाब, सगळं ठीक. तारका चार दिवस त्याचं चालणं ऐकत राहिली. उजवी चप्पल फरशीवर घासत होती. उन्हाळ्यात तिनंच त्याला ती बदलायला सांगितलं होतं, आणि त्यानं बदललीही होती. शर्टाची बटणं लावायला त्याला वेळ लागत होता. झाडांना पाणी घालताना उजवा हात अंगाला धरल्यासारखा राहत होता. यातलं प्रत्येक तिला दिसत आलं होतं. ते एका ओळीत मांडून तिनं कधी पाहिलं नव्हतं इतकंच.

"काय बघालीस चार दिवस झालं?" रविवारी सकाळी भाजीची पिशवी ओट्यावर ठेवत त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. सरळ, क्रमानं, वर्कशॉपमध्ये सांगावं तसं. त्याशिवाय तिला जमलं नसतं.

तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्यानं पिशवीतली मेथीची जुडी काढली, परत आत ठेवली.

"गाडीनं सांगितलं?"

"हो."

"माझ्या गाडीनं."

"श्रीशैल, डॉक्टरकडे जाऊ. नसेलही काही. यंत्र चुकू शकतं."

"तू केलेलं यंत्र चुकतं का कधी?" त्याच्या आवाजात चिडलेपणा नव्हता, कुतूहल होतं. मग चिडलेपणा आला. "सव्वीस वर्षं गाडी चालवतोय मी. मला ठावं नव्हतं, तुला ठावं नव्हतं, आणि त्या चटईला ठावं होतं. चौदा महिने. आणखी कोणाला?"

"मृण्मयीला. तिला नाव माहीत नाही. तिनं ओळखलं असेल, पण बोलली नाही."

"मंडळाला?"

"नाही."

"सांगणार?"

तिनं मेथीची जुडी बाहेर काढली आणि निवडायला घेतली.

"सभेत तू शब्द दिलतीस," तो म्हणाला. "ओळखणार नाही म्हणून. मी होतो तिथं, मागच्या रांगेत. त्या बागवान बाईंना दिलतीस. मला पण दिलतीस. मी तुझा नवरा असलो म्हणून मला तो शब्द लागू नाही का?"

"तू रोज चारशे माणसं घेऊन जातोस."

"गाडी आपोआप थांबते. पेडलवरचा पाय सुटला की तीन सेकंदांत. तूच बसवलंयस ते."

"मला माहीत आहे काय बसवलंय."

त्यानंतर त्यानं नऊ दिवस तिच्याशी बोलणं टाळलं. सकाळी पाचला उठून जायचा, दुपारी यायचा. डॉक्टरकडे गेला नाही. तिच्या लक्षात आलं की घरात तो आता जाणूनबुजून पाय उचलून टाकतोय, आणि ते पाहणं आधीच्या घासण्यापेक्षा अवघड होतं.

दहाव्या दिवशी ती विजापूर वेशीत गेली. रेहाना बागवान निवृत्त झाल्या होत्या. दिवाणखान्यात दोन मुली गणितं सोडवत बसल्या होत्या. बाईंनी त्यांना आतल्या खोलीत पाठवलं आणि चहा ठेवला.

"मी तुम्हाला दहा वर्षांपूर्वी एक शब्द दिला होता," तारका म्हणाली.

"आठवतो."

"तो मोडला गेला आहे. मी मोडला नाही, पण मोडला गेला आहे." तिनं यंत्राची गोष्ट सांगितली. नऊ आकड्यांची सांगितली. नवऱ्याची सांगितली नाही.

रेहानाबाईंनी चहा गाळला. "मीही रोज त्याच गाडीनं जाते," त्या म्हणाल्या. "त्या नऊ जणांत मी असेन."

"असू शकता. मी पाहिलेलं नाही."

"पाहू नका." त्यांनी गाळणी बाजूला ठेवली. "माझी आई याच आजारानं सहा वर्षं अंथरुणावर होती. आधी कळलं असतं तर काय झालं असतं, असं मी पुष्कळदा मनात आणलं. औषध लवकर सुरू झालं असतं. कदाचित दोन-तीन वर्षं ती चालली असती. पण त्याआधीच्या चार वर्षांत ती काश्मीर पाहून आली, नातवाचं लग्न केलं, भांडली, हसली. तिला माहीत असतं तर यातलं काय काय झालं असतं, ते मला सांगता येत नाही." कप तिच्या पुढ्यात ठेवत त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्याकडे परवानगी मागायला आलात का?"

"बहुतेक."

"ती मी देणार नाही. माफीही मागू नका. झालं आहे ते सगळ्या गावाला सांगा. शब्द गावासमोर दिला होता. आणि त्या नऊ जणांतला एक तुमच्या घरातला आहे, होय ना? नाहीतर तुम्ही माझ्याकडे आला नसता."

तारकानं कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "ड्रायव्हर आहे."

"मग त्याचं वेगळं आहे," रेहानाबाई म्हणाल्या. "तो एकटा चालत नाही."

त्या संध्याकाळी तारकानं मंडळाला पत्र लिहिलं. दोन परिच्छेदांचं. पहिल्यात, चौथ्या पिढीच्या गाड्यांची जमीन माणसं ओळखते, त्यातून आठ प्रवाशांच्या चालण्यात आजाराची चिन्हं दिसली आहेत, नियमाचा भंग झालेला आहे, आणि सही करणारी या नात्यानं जबाबदारी माझी आहे. दुसऱ्यात, सात क्रमांकाच्या गाडीच्या ड्रायव्हरची मज्जातंतूंची तपासणी तातडीनं करावी, तोवर त्यांना गाडी देऊ नये. पत्र छापून तिनं जेवणाच्या टेबलावर ठेवलं. श्रीशैल हात पुसत आला. त्यानं ते उभ्यानंच वाचलं. दोनदा.

"कधी देणार?"

"उद्या दहाला."

त्यानं कागद टेबलावर ठेवला, मधोमध दुमडला, घडीवरून नख फिरवलं आणि सावकाश फाडला. खालचा तुकडा त्यानं शर्टाच्या खिशात घातला, वरचा तिच्याकडे सरकवला.

"हे वरचं तू दे. खालचं माझं मी देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच चाळीसला सात नंबरच्या गाडीत कोणीच चाललं नाही. श्रीशैल डेपो मॅनेजरच्या खोलीबाहेरच्या बाकावर ते येईपर्यंत बसून होता. त्यानं किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, मला चालताना त्रास होतोय. तपासून घ्यायचंय." गाडीनं सांगितलं असं तो म्हणाला नाही. पुढंही कधी म्हणाला नाही.

निदान तेच निघालं. डॉक्टरांनी सांगितलं की इतक्या लवकर आलेला रुग्ण त्यांनी क्वचितच पाहिला आहे, आणि नव्या औषधानं पुढची पंधरा वर्षं बऱ्यापैकी जातील. कशावरून संशय आला, असं त्यांनी विचारलं तेव्हा श्रीशैलनं चपलेकडे बोट दाखवलं.

तारकाच्या पत्रावर मात्र शहर महिनाभर पेटलं होतं. गाड्या बंद करा म्हणणारे निघाले. नावं जाहीर करा म्हणणारे त्याहून जास्त निघाले. आठ जण आहेत एवढं कळल्यावर हजारो लोकांनी मंडळाकडे अर्ज केले, आम्हाला सांगा, त्यांत आम्ही आहोत का. एका आरोग्य विमा कंपनीनं मोजमापं विकत मागितली. ती मागणी बाहेर फुटल्यावर मंडळाच्या दारावर दगड पडले. तारकाला पदावरून काढलं नाही, पण सांधा विभाग तिच्याकडून काढून घेतला. तिनं हरकत घेतली नाही.

फेब्रुवारीतल्या सभेत जागा पुरली नाही, लोक जिन्यात बसले. तारकानं झालं ते सांगितलं आणि प्रश्नांना उत्तरं दिली. एका तरुण बापानं विचारलं, "तुम्हाला माहीत असून तुम्ही आठ जणांना मरू देणार का?" रेहाना बागवान म्हणाल्या, "मला कळवायचं की नाही, ते मी ठरवीन. गाडी नाही." दोघांनाही टाळ्या पडल्या. काही टाळ्या त्याच हातांच्या होत्या.

शेवटी जे ठरलं ते कोणालाच फारसं आवडलं नाही, म्हणून टिकलं. पाचव्या पिढीच्या गाड्या २०६६ ला आल्या. पुढच्या तीन डब्यांत पायकापड आहे. तिथं चढणाऱ्याला जमीन ओळखते, आणि नोंद केली असेल तर त्याच्या चालण्यात काही बदल झाल्यास त्याला, फक्त त्यालाच, कळवते. मागच्या दोन डब्यांत पायकापड नाही. तिथला सांधा जुन्या पद्धतीनं, येईल तो भार सोसत वळतो आणि थोडा हिसका देतो. तिसऱ्या आणि चौथ्या डब्याच्या मध्ये काचेचं दार आहे. प्रवासी ते ओलांडू शकतात. फारसे ओलांडत नाहीत. ज्या आठ जणांविषयी मृण्मयीला कळलं होतं, त्यांचे आकडे सभेच्या ठरावानुसार पुसले गेले. त्यांतले किती जण पुढच्या डब्यांत चढले, ते कोणालाच माहीत नाही.

दर सोमवारी श्रीशैलला अशोक चौकातल्या दवाखान्यात जावं लागतं. औषधाची मात्रा ठरवायला डॉक्टरांना दर आठवड्याला त्याच्या पावलांची मोजमापं लागतात. ती गाडीतून थेट जातात. तारका सोबत जाते.

जूनमधल्या एका सोमवारी ती दोघं मजरेवाडीच्या थांब्यावर उभी होती. ऊन अजून चढलं नव्हतं. गाडी वळणावरून आली, तिचे पाच डबे एकामागोमाग एक सरळ झाले.

"आज ये की माझ्यासोबत पुढं," श्रीशैल म्हणाला. "दोन वर्षं झाली. मी तिकडं बसतो, तू तिकडं. लोकांना वाटतंय आपलं भांडण झालंय."

"नको."

"नोंद करू नकोस. नुसती बस."

"नोंद नाही केली तरी जमीन ओळखते. तिथं पाय ठेवला की ती मोजायला लागते." तिनं गाडीच्या पुढच्या दाराकडे पाहिलं. "माझी आजी शेवटी आम्हाला ओळखत नव्हती. चालणं आधी बिघडलं होतं तिचं."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं.

"भीती वाटते?"

"हो."

गाडी थांबली होती, दारं उघडली होती. त्यानं तिच्या दंडाला हात लावला आणि पुढच्या दाराकडे गेला. ती मागच्या दारातून चढली आणि काचेपाशी जाऊन उभी राहिली. तिथून तो दिसायचा. खिडकीशी बसला होता, उजवा हात मांडीवर, त्याच्यावर डावा.

कोंतम चौकाच्या वळणावर गाडी वळू लागली. पुढचे डबे एका बाजूला सरकत गेले. आधी त्याचा खांदा दिसेनासा झाला, मग डोकं, मग काचेत फक्त भात्याच्या मिटलेल्या घड्या उरल्या. मागच्या सांध्यानं हिसका दिला. तारकानं दांडी धरली. गाडी सरळ झाली तेव्हा त्याची जागा रिकामी होती. उतरायचा थांबा जवळ आल्यामुळे तो उठला होता.

अशोक चौकात ती उतरली. तो तिच्या आधी उतरून, फलाटावरून चालत, मागच्या दारापाशी येऊन उभा होता.